बेंटली यांची हिमस्फटिकांची छायाचित्रे कितपत विश्वासार्ह मानावीत?

जिज्ञासू: अमेरिकेतील व्हरमॉन्ट राज्यातल्या जेरिको गावचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. आमच्या विज्ञान मंडळाच्या प्रदर्शनात त्यांपैकी काही लावायची आहेत. परंतु त्यांत हाताने फेरफार केल्याचे एका सदस्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

काचपट्टी: फेरफार झाला होता, पण तो पार्श्वभूमीत. पांढऱ्या उजेडावर पारदर्शक स्फटिक उठून दिसत नाही, म्हणून बेंटली निगेटिव्हची दुसरी प्रत करून स्फटिकाच्या कडेपर्यंतचा रासायनिक थर चाकूने खरवडून काढत. खरवडलेला भाग छापताना काळा येतो. आतल्या रेषा आणि नक्षी यांना ते हात लावत नसत. मला तरी यात फसवणूक दिसत नाही.

धुके: मला दिसते, मात्र ती चाकूपेक्षा निवडीत आहे. काळ्या फळीवर हिम झेलायचे, मनाजोगता स्फटिक मिळाला नाही तर फळी पिसाने झाडून पुन्हा धरायची, ही त्यांची रीत होती. प्रत्यक्षात पडणारे बहुतेक स्फटिक वेडेवाकडे, मोडके किंवा एकमेकांना चिकटलेले असतात. बर्लिनचे हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमन यांनी बेंटली यांच्या चित्रांवर त्या काळीच टीका केली होती, आणि हेलमन यांचे सहकारी रिखार्ड नॉयहाउस यांच्या छायाचित्रांतले स्फटिक पुष्कळ ओबडधोबड आहेत. ती कुणी भिंतीवर लावत नाही, हेही खरेच.

काचपट्टी: आक्षेप मान्य, तरीही सहा बाजू ही बेंटली यांची कल्पना नव्हे. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात, म्हणून स्फटिकही षट्कोनी वाढतो. आकार कशाने बदलतो, याचे उत्तर जपानच्या होक्काइदो येथील उकिचिरो नाकाया यांनी दिले. १९३६ साली त्यांनी शीतकक्षात सशाच्या केसाच्या टोकावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि तापमान व बाष्प बदलत गेल्यास आकार कसा पालटतो, याचा तक्ता मांडला: उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि पोकळ स्तंभ, तर उणे १५ च्या सुमारास, बाष्प भरपूर असल्यास, फांद्या फुटलेले तारे. या तक्त्यात सुईलाही ताऱ्याइतकेच महत्त्व आहे, कारण दोन्ही ढगातल्या हवेची बातमी देतात.

जिज्ञासू: आभारी आहे. बेंटली यांच्या दोन ताऱ्यांशेजारी नॉयहाउस यांचा एक स्फटिक आणि खाली नाकायांचा तक्ता लावतो. खरवडलेल्या पार्श्वभूमीचा उल्लेख चित्राखालच्या ओळीतच करतो.

धुके: त्याच ओळीत हे निवडलेले स्फटिक आहेत, असेही लिहावे.