पुण्यातल्या बालगृहाला देणगी: पैसे पाठवण्याआधी काय मागायचं?

प्रेषक: कार्यवाह, मेलबर्न

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या निधीतून पुणे जिल्ह्यातल्या एका अनाथाश्रमाला तीन लाख रुपये द्यावेत आणि डिसेंबरच्या सुटीत आपली कॉलेजमधली सहा मुलं दोन आठवडे तिथे इंग्रजी शिकवायला जावीत, असा प्रस्ताव आहे. संस्थेने धर्मादाय नोंदणी, ८०जी (देणगीवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र) आणि लेखापरीक्षण अहवाल पाठवला आहे. आणखी काय मागावं? रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: सभासद, कोथरूड, पुणे

ताई, नमस्कार.

आलेले तिन्ही कागद पैशांचे आहेत. धर्मादाय नोंदणीवरून न्यास अस्तित्वात आहे एवढंच कळतं, मुलं ठेवायची परवानगी त्यातून मिळत नाही. त्यासाठी बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खालची नोंदणी लागते. तिची मुदत पाच वर्षं. ती नसताना मुलं ठेवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही.

त्या प्रमाणपत्राची प्रत मागवा आणि चार गोष्टी वाचा: पत्ता, मुलगे की मुली, मंजूर संख्या, मुदत. गफलत बहुधा इथेच सापडते. नोंदणी एका इमारतीची आणि मुलं दुसरीकडे. मंजूर पन्नास आणि ताटं सत्तर. मुदत संपलेली आणि 'नूतनीकरणाचा अर्ज दिलाय' हे उत्तर. अर्ज दिला असेल तर त्याची पोच मागा. 'आमचं वसतिगृह आहे, हा कायदा आम्हाला लागू नाही' असं म्हणाले तर पैसे थांबवा आणि पुण्याच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा. प्रमाणपत्र खरं आहे की नाही हेही तिथूनच पडताळा, संस्थेकडून नव्हे.

मग मुलं. मुलाला कुठे ठेवायचं हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते; प्रत्येक मुलामागे तिचा आदेश हवा. गावाकडून कुणा कार्यकर्त्याने आणून सोडलं, एवढ्यावर मूल ठेवता येत नाही. नावं मागू नका, फक्त आकडे मागा: किती मुलांबाबत आदेश आहे, किती जणांचे आई किंवा वडील हयात आहेत, गेल्या वर्षी किती जण घरी परतले. 'अनाथाश्रम' म्हणून चाललेल्या जागेत आई असलेली मुलं पुष्कळ असतात. घरी खायला नाही, शाळा लांब, म्हणून ती तिथे येतात. कायद्याच्या मते संस्था हा शेवटचा पर्याय. अशा मुलाला घरीच ठेवण्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'खाली महिना चार हजार रुपये प्रायोजकत्व आहे. ज्या संस्थेत वर्षानुवर्षं एकही मूल घरी जात नाही, तिथे कारण विचारलंच पाहिजे.

आणि तक्रारपेटी. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे. दर आठवड्याला संस्थेतल्या मुलांच्याच बाल समितीसमोर ती उघडायची. प्रत्यक्षात पेटी अधीक्षकांच्या टेबलाशेजारी आणि किल्ली त्यांच्याच खणात असते. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी कोण टाकेल? पुण्यातलं कुणी गेलं तर पेटीची फट पाहा, धूळ साचली आहे का, कुलूप गंजलं आहे का. नोंदवही मागा. बावन्न आठवडे एकाच शाईत, एकाच अक्षरात 'तक्रार नाही' असेल तर ती एका बैठकीत भरलेली वही आहे.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातलं मुलींचं लैंगिक शोषण २०१८ साली उघडकीस आलं ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून, आणि २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. हिशेबाच्या वह्या तपासून ते बाहेर आलं नाही.

रात्री मुलांजवळ कोण झोपतं, हेही विचारा. मुलींच्या गृहात अधीक्षक आणि कर्मचारी स्त्रियाच हव्यात. पोलिस पडताळणी पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) नियम २०२० प्रमाणे कंत्राटी माणसांचीही लागते. राहून जातात ते नेहमी तेच: रात्रीचा वॉचमन, व्हॅनचा ड्रायव्हर, शिकवणीला येणारे सर. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी यायचं असतं; किमान तिघं, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. शेवटच्या चार भेटींच्या तारखा मागा, आणि त्रुटी कशा दूर केल्या तेही.

प्रेषक: खजिनदार, मेलबर्न

कोथरूडच्या काकांच्या पत्राला पैशांची बाजू जोडतो.

आपलं मंडळ इथे ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, त्यामुळे इथल्या अशा संस्थांना जुलै २०१९ पासून लागू असलेली परदेशी कामकाजाची मानकं आपल्याला बंधनकारक आहेत. पैसे परदेशात नुसते पाठवले तरीही. त्यांतलं चौथं मानक असुरक्षित व्यक्तींच्या संरक्षणाचं. 'आम्ही फक्त देणगी दिली' हे उत्तर चालणार नाही.

भारतात हा पैसा परकीय योगदान ठरतो. संस्थेकडे एफसीआरए (परकीय योगदान कायदा) नोंदणी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं हवं. 'पुण्यातल्या माझ्या भावाच्या खात्यावर टाका, तो देईल' ही सूचना दरवर्षी येते. हे बेकायदा आहे. एका एफसीआरए संस्थेने पैसे घेऊन दुसरीला देणं २०२० च्या दुरुस्तीने बंद झालं आहे.

सहा मुलांची सहल मात्र रद्द करावी. दोन आठवड्यांत इंग्रजी येत नाही, लळा लागतो आणि तुटतो. शिवाय पडताळणी न झालेली सहा नवी माणसं मुलांमध्ये मोकळी वावरतात. आपण पाहुणे आणि फोटो मागत राहिलो तर मुलं संस्थेत ठेवण्याचं कारण आपणच पुरवतो. आणि फोटो: कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेसारखा देणगीचा धनादेश हातात धरलेल्या मुलांचा फोटो या वेळी नको.

एक प्रश्न काकांना: उद्या एखाद्या मुलाबद्दल वाईट काही कानावर आलं तर आपण नेमकं काय करायचं?

प्रेषक: सभासद, कोथरूड, पुणे

मुलाला फोन करून विचारपूस करायची नाही. प्रश्न पुन्हापुन्हा विचारले की मूल घाबरतं, जबाब बिघडतो. जे ऐकलं ते त्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

संस्थाचालकांना आधी कळवू नका. त्यांना सावध करण्यापलीकडे त्यातून काही होत नाही. पॉक्सोच्या कलम १९ खाली माहिती विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यावी लागते; अंतर्गत चौकशी त्याची जागा घेत नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा प्रमुखाने कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक परदेशातून लागणार नाही, म्हणून पुण्यातल्या दोन सभासदांची नावं आधीच ठरवा. ते १०९८ किंवा आपत्कालीन ११२ ला फोन करतील. त्याच दिवशी बाल कल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला ईमेल करा.

पैसे रातोरात तोडू नका. जेवण आणि औषधं बंद पडली तर भोगतात मुलंच. करारात आधीच लिहा: गुन्हा नोंदला गेला तर बांधकामाचा हप्ता थांबेल, अन्न-औषधांचा चालू राहील, बाल कल्याण समिती मुलांना दुसरीकडे हलवेपर्यंत.

तीन लाखांत खोली बांधून पाटी लावण्यापेक्षा समुपदेशकाचा वर्षाचा पगार द्या. हप्ते चार करा, प्रत्येक हप्ता तपासणीच्या अहवालाला बांधा.

प्रेषक: कार्यवाह, मेलबर्न

सहलीचा विषय मागे घेतला. कलम ४१ चं प्रमाणपत्र, बाल कल्याण समितीच्या आदेशांची संख्या, चार तपासण्यांच्या तारखा आणि तक्रारपेटीच्या नोंदवहीची, नावं झाकलेली, तीन महिन्यांची प्रत मागणारं पत्र उद्या जाईल. पुण्यातून फोन करायला कोण तयार आहे, त्या दोघांनी मला वैयक्तिक कळवावं.