नऊ ट्रायलवर ‘ऑप्टिमम’: एका फौंड्रीवाल्याचं उत्तर

शिरोलीचा_भट्टीवाला:
काल इथं एका प्राध्यापकांनी लिहिलं की कॉलेजांत उत्तम संशोधन पडून आहे, पण उद्योजक आळशी, पेपर वाचत नाहीत. वाचून डोकं फिरलं. मी वाचतो हो पेपर! दोन-चार वाचले की पुढचे न वाचताच सांगता येतात. ६०६१ ॲल्युमिनियम, त्यात सिलिकॉन कार्बाइड ५, १०, १५ टक्के, स्टर कास्टिंग (रसात घोटून ओतणं), एल९ (टागुची पद्धतीचा नऊ ट्रायलचा तक्ता), अनोव्हा (कुठल्या फॅक्टरचा परिणाम किती याचा हिशोब), शेवटी ‘ऑप्टिमम पॅरामीटर्स’.

अहो, एल९मध्ये तीन-तीन लेव्हलचे चार फॅक्टर बसवले की आठच्या आठ डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे हिशोबाला मिळणारी मोकळी माहिती, खलास. एररला, म्हणजे योगायोगाचा फरक मोजायला, उरलं काय? मग ज्याचा परिणाम सगळ्यात कमी, त्यालाच एररमध्ये ढकलायचं आणि बाकीचे तीन ‘सिग्निफिकंट’ म्हणून मिरवायचे. इंटरॅक्शनचं, म्हणजे फॅक्टर एकमेकांत गुंततात त्याचं, तर नावच काढू नका.

वर ६०६१मध्ये सिलिकॉन एक टक्काही नसतो. असा रस तापवून कार्बाइड घोटत बसलात की ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ, आणि ओलाव्यानं सडतं. म्हणून तर सात-नऊ टक्के सिलिकॉनचे ओतीव मिश्रधातू घेतात. मी वाचलेल्या पेपरांत यावर एक ओळ नव्हती.

आणि आम्ही कोल्हापूरवाले मुख्यतः ओततो काय? ग्रे आणि एसजी आयर्न, म्हणजे बीड. पावसाळ्यात वाळूची ओल हातात राहत नाही, ब्लोहोलनं (आत वायूच्या पोकळ्या राहून) जॉब परत येतात. त्यासाठी आमच्या दारात कुणी गाईड विद्यार्थी पाठवलेला नाही.

प्राध्यापक_मेकॅनिकल:
तो लेख माझाच. एल९ नको, तर चार फॅक्टरच्या ८१ ट्रायल करू? दर वेळी मेल्टिंग, मशिनिंग, टेस्टिंग. बिल तुमच्या नावे फाडू का? एल९ ज्यांच्या पद्धतीतलं त्या जपानी टागुचींनी १९५३ साली इना टाइल कंपनीत भट्टीला हात न लावता मिश्रणातला चुना १ वरून ५ टक्क्यांवर नेला आणि टाइलच्या मापातला फरक आटोक्यात आणला. कंपोझिटलाही (धातूत सिरॅमिक घातलेल्या मटेरियललाही) हसू नका. टोयोटानं १९८३मध्ये डिझेल इंजिनाच्या पिस्टनला रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिक तंतूंचं बळ दिलं होतं.

शिरोलीचा_भट्टीवाला:
सर, तुम्हीच माझी बाजू मांडलीत की! इनात भट्टीच्या आत एका ठिकाणी जास्त ताप, दुसरीकडे कमी. ती गडबड तशीच ठेवून टाइल तिला दाद देणार नाही असं केलं. तुमच्या पेपरात गडबड आहेच कुठं? एकाच हीटमधले (एकदाच वितळवलेल्या रसातले) तीन बार तोडायचे आणि त्याला रिपीट म्हणायचं. नाव टागुचीचं आणि मूळ मुद्दा केराच्या टोपलीत.

थिसिस_अडकलेली:
दोघंही मोठ्या गप्पा मारताय. एसईएमची (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) फी मी माझ्या खिशातून भरते, तीही विनाअनुदानित कॉलेजच्या पगारातून, तो होईल तेव्हा. आणि पेपरवर नावं कुणाची? मी, गाईड, एचओडी, प्राचार्य. प्राचार्यांनी मसुदा उघडलासुद्धा नाही, फक्त आपलं नाव दुसरं का नाही एवढं विचारलं.

निवृत्त_एचओडी:
प्राचार्यांचं नाव आलं तर बिघडलं काय? लॅबची परवानगी कोण देतं? आजकालच्या मुलांना कृतज्ञता म्हणून नाही.

थिसिस_अडकलेली:
परवानगी देणारा लेखक असेल तर वीज मंडळाचंही नाव घालते, काका. फर्नेस त्यांच्याच कृपेनं चालतो.

निवृत्त_एचओडी:
जीभ सांभाळा. आम्ही पण पीएचडी केली, कुरकुर न करता. शिवाय यूजीसीनं २०२२मध्ये थिसिसआधीच्या पेपरची सक्ती काढली. मग कशाला छापता?

थिसिस_अडकलेली:
यूजीसीनं काढली, कॉलेजनं ठेवली! रँकिंगला पेपर मोजतात ना. तुमच्या वेळी किती जणांची नावं ‘कृतज्ञता’ म्हणून लागली ते पण लिहा इथं.

कोपऱ्यातला_वाचक:
+१. आमच्याकडे तर ट्रस्टींच्या चिरंजीवांचं नाव होतं, आणि ते बीकॉम. एचओडी काका, यांची परवानगी कसली होती?

निवृत्त_एचओडी:
अपवाद सगळीकडे असतात. मी यावर आणखी बोलणार नाही.

चाकणचा_डायकास्टर:
नावांचा तमाशा झाला असेल तर मूळ विषय? आम्ही गेट व्हेलॉसिटी (साच्यात रस शिरायचा वेग), इंटेन्सिफिकेशन प्रेशर (साचा भरल्यावरचा दाब), डाय म्हणजे साच्याचं टेम्परेचर, स्प्रे टाइम (साच्यावर फवारा मारायचा वेळ) घेऊन एल९नंच सुरुवात करतो. लीक टेस्टला कोण रडवतंय याचा अंदाज येतो, बस्स. मग त्यातले दोन घेऊन फुल फॅक्टोरियल (सगळ्या जोड्या करून बघणं), कारण डायचा ताप आणि स्प्रे एकमेकांत गुंतलेले असतात. कन्फर्मेशन रन (निकालाची खात्री करणारी ट्रायल) रात्रपाळीत, दुसऱ्या ऑपरेटरच्या हातून. भट्टीवाले दादा, हत्याराला शिव्या देऊ नका.

शिरोलीचा_भट्टीवाला:
चला, चाळणी म्हणून एल९ चालते, लिहून घ्या. चाळणीवर डॉक्टरेट देऊ नका एवढंच. प्राध्यापक साहेब, जुलैत पोरं पाठवा. वाळूची ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते), ओतायचं तापमान, कामाची पाळी, सगळं रोजच्या रोज लिहू दे. सेफ्टी शूज आणा. पेपरवर प्राचार्य येणार असतील तर त्यांनाही आणा, लॅडलजवळ (रसाच्या भांड्याजवळ) उभं करतो.

प्राध्यापक_मेकॅनिकल:
पाठवतो. पण रिजेक्शनचे खरे आकडे देणार का? मागं एका कारखान्यात पोरानं सहा महिने घालवले आणि छापायच्या वेळी मालक म्हणाले, आमचं रिजेक्शन शून्य दाखवा. तेव्हापासून मुलांना लॅबमध्येच ६०६१ ढवळायला लावतो. तुमच्यासारख्यांमुळेच!

शिरोलीचा_भट्टीवाला:
ते मालक मी नव्हे. कस्टमरचं नाव झाकून देईन. आकडे... पार्टनरला विचारून सांगतो.

चाकणचा_डायकास्टर:
झालं मग पोरांचं संशोधन!