स्पारिंग (सरावाची लढत) करताना हेडगार्ड: तुमचे अनुभव लिहा

रानवाट
काल कणकवली स्टँडवर तायक्वांदोची पोरं दिसली, कुठल्यातरी स्पर्धेहून परतत होती. सॅकला लाल-निळी हेडगार्ड लटकवलेली. जवळून गेली आणि तो ओल्या रेक्झिनचा आंबूस वास आला. लगेच रत्नागिरीतल्या आमच्या बॉक्सिंगच्या संध्याकाळी आठवल्या. बाहेर धो धो पाऊस, शेडमध्ये एक पिवळा बल्ब, आणि सगळ्यांत मिळून मोजकी हेडगार्ड. एकाचं उतरलं की तसंच घामाने निथळणारं दुसऱ्याच्या डोक्यावर. हनुवटीखालचा पट्टा आवळला की कान दाबले जायचे आणि सरांचं बोलणं निम्मंच ऐकू यायचं.

सर मात्र एक गोष्ट रोज सांगायचे. हेडगार्ड चढवलं म्हणून जोर वाढवायचा नाही. ते भुवईसाठी आहे, मेंदूसाठी नाही. गोटा झालेला नारळ वरून कितीही सोडणात ठेवा, हलवला की आतला गोटा खुळखुळतोच, हे त्यांचं आवडतं वाक्य. आता गावोगावी क्लास निघालेत, पालक हौसेने महागाची हेडगार्ड घेऊन देतात आणि 'आता काय होत नाही' म्हणून निर्धास्त होतात. मला हे फार लागतं. म्हणून धागा काढला. बॉक्सिंग, किक बॉक्सिंग, तायक्वांदो, कराटे, कुस्ती, काहीही चालेल. लिहा.

सुरमई
तो वास!!! भात शिजतोय, नंतर सविस्तर लिहिते

तिठा
भुवई फुटली की काय होतं ते ज्याची फुटली त्यालाच कळतं. रक्त सरळ डोळ्यात. दुसऱ्याचं डोकं लागलं होतं, ठोसा नाही. त्या दिवशी हेडगार्ड कमी होती म्हणून आम्ही दोघं तसेच उतरलो होतो. टाके पडले. वण अजून आहे, आता तिथे केस येत नाहीत.

कुडाळची सून
माहेर कोल्हापूर, त्यामुळे मी कुस्तीचंच लिहिणार. आमच्याकडे मोडलेले कान म्हणजे पैलवानकीचा शिक्का. आजोबांचे दोन्ही कान आवळून गोळा झालेले, लहानपणी आम्ही बोटाने दाबून बघायचो, कडक लागायचे. कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं, ते वेळेत काढलं नाही तर कूर्चेला पोषण मिळत नाही आणि कान कायमचा आकसतो, हे मला फार नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. मॅटवरची पोरं आता सरावात कानपट्टी घालतात. भाच्याला मी स्वतः घेऊन दिली. तालमीतले म्हातारे हसले त्याला. हसू देत.

सुरमई
@कुडाळची सून, कोल्हापूरची ना तुम्ही, मग तांबड्या रस्सा धाग्यावर या की! तिकडे भांडण लागलंय.

फणसपोळी
माझ्या चेडवान हट्ट धरल्यान, माका निळोच होयो. दुकानदार म्हणता, वाढत्या अंगाचो घेवा, दोन वर्सां चलात. मी सांगलंय, शर्ट न्हय तो, टकलेर घट्ट बसाक होयो. तिच्या क्लासातल्या एका झिलाचो असोच ढिलो होतो, बाजूसून एक फटको बसलो आणि आख्खो गिरगिरून कानाचा भोक डोळ्यार इला. तेका काय दिसना. समोरच्यान थांबवल्यान म्हणान बरा.

रानवाट
@फणसपोळी, अगदी बरोबर केलंत. ढिलं हेडगार्ड नसल्यापेक्षा वाईट, कारण पोराला वाटतं आपण सुरक्षित आहोत आणि नेमक्या वेळी त्याला दिसत नाही.

गोलकीपर
पण ऑलिंपिकमध्ये तर घालत नाहीत ना बॉक्सर? मग सरावाला कशाला एवढं?

खाडीकाठ
@गोलकीपर, फिजिओ आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. १९८४च्या लॉस एंजेलिसपासून ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये हेडगार्ड सक्तीचं होतं. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुषांचं काढलं आणि २०१६च्या रिओला ते उघड्या डोक्याने खेळले. महिलांना आणि ज्युनियर, यूथ गटांना राहिलं. मेरी कोमने २०१२ला लंडनमध्ये कांस्य जिंकलं तेही हेडगार्ड घालूनच. संघटनेचं म्हणणं होतं की काढल्याने डोक्याला बसणारा धक्का कमी होतो. त्यावर वाद आहेत. मात्र काढल्यावर चेहरे जास्त फुटायला लागले, हे दिसलंच.

पॅड समोरून आलेला मार पसरवतं. जखम, सूज, हाड मोडणं कमी होतं. पण बाजूने येणारा हुक जबड्यावर बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदूला पीळ बसतो. ते पॅडने थांबत नाही. शिवाय हेडगार्डमुळे डोक्याचा घेर वाढतो, एरवी निसटला असता असा ठोसा घासून जातो. गालपट्टीवालं असेल तर खालून येणारा अपरकट दिसत नाही.

आणि सराव वेगळा, सामना वेगळा. सामना वर्षातून थोडे, स्पारिंग आठवड्यातून कितीदा तरी. व्यावसायिक बॉक्सर सामन्यात घालत नाहीत, पण स्पारिंगला हेडगार्ड आणि १६ औंसांचे जाड ग्लोव्हज चढवतात ते म्हणूनच.

गोलकीपर
ओके, पटलं. मी फुटबॉलवाला, डोक्याने बॉल मारून मारून आमचं काय होत असेल देव जाणे

वाशिष्ठी
चिपळूण. २२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या क्लासचं सगळं सामान गेलं. मॅट, किकिंग पॅड, चेस्ट गार्ड, सगळं. पाणी ओसरल्यावर हेडगार्ड चिखलातून उपसून काढली, आतल्या फोममध्ये गाळ शिरलेला. पिळलं की तपकिरी पाणी. पोरं म्हणत होती धुऊन वापरू. आम्ही सगळी टाकली, कारण फोम एकदा बसला की बाहेरून चांगलं दिसूनही उपयोग शून्य. त्यानंतर किती महिने पोरं नुसत्या किका हवेत मारत होती. मुंबईतल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून पहिला सेट पाठवला तेव्हा एकेक मूल ते हातात घेऊन दाबून बघत होतं. लिहितानाही गळा दाटून आला.

कुडाळची सून
@वाशिष्ठी 🙏 माझी नणंद चिपळूणला. दोन रात्री माळ्यावर काढल्या त्यांनी.

सुरमई
आले. भात झाला, कढी झाली. मुलींचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या वेळी एवढे लांब केस आणि त्यावर आईने थापलेलं खोबरेल. अंबाडा घातला की हेडगार्ड मागून बसत नाही, आणि तेलावरून ते पुढे घसरतं. मग मानेपाशी दोन घट्ट वेण्या, डोक्याला सुती रुमाल आणि वरून हेडगार्ड. रुमालाचा दुसराही फायदा, सगळ्यांनी मिळून एकच वापरायचं असेल तर उवा आणि नायटा तरी जरा लांब राहतो. पावसाळ्यात आमच्या निम्म्या क्लासला कपाळावर नायटा होता!

तिठा
पावसात बुरशीचं काय करता? माझं लेदरचं आहे, चार दिवस कपाटात राहिलं की पांढरं धरतं. आई म्हणते चुलीवर टांग.

वाशिष्ठी
@तिठा, चुलीवर नको, लेदर तडकतं. घाम फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा. सॅकमध्ये बंद करून तर मुळीच ठेवू नका.

फणसपोळी
आणि सुकटीच्या डब्याबाजूक ठेवू नकात 😀

खाडीकाठ
एक राहिलं, आणि हे प्रत्येक पालकाने वाचावं. मार बसल्यावर मूल गोंधळलं, तेच तेच विचारू लागलं, डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशीचं स्पारिंग तिथेच बंद. 'ठीक आहे सर' म्हणालं तरी बंद. उलट्या, वाढती डोकेदुखी, जागं न राहणं, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या, यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसणं जिवावर बेतू शकतं. हौशी बॉक्सिंगच्या नियमात डोक्याच्या माराने नॉकआउट झाला तर किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती आहे, सरावातल्या स्पारिंगलासुद्धा. एका ठिकाणी मी पालकांनाच 'परवा सिलेक्शन आहे, गोळी द्या' म्हणताना ऐकलंय. मूल शेजारी बसून ओकत होतं. तो दिवस मी विसरू शकत नाही.

रानवाट
@खाडीकाठ, मनापासून आभार. धागा याचसाठी काढला होता.

तिठा
सर आता कुठे असतात हो रानवाट? शेडचं वर्णन वाचून वाटतंय आपण एकाच ठिकाणचे.

रानवाट
@तिठा, गुहागरला घरी असतात, कलमं बघतात. मेसेज करा, नंबर विचारून देतो.

सुरमई
माझ्या भाचीला तायक्वांदोचं घ्यायचंय. अकरा वर्षांची आहे. त्यात तर डोक्याला साधी किक लागली तरी ३ गुण, म्हणजे सगळ्या तिथेच मारणार. माप कसं घ्यायचं?

वाशिष्ठी
@सुरमई, भुवयांच्या जरा वर टेप धरून डोक्याभोवती घेर घ्या. दुकानात सेंटिमीटर सांगा, स्मॉल-मीडियमवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आणि तिला सोबत न्या. घातल्यावर जोरात मान हलवायला सांगा, जागचं हललं तर नको.

सुरमई
टेप सापडत नाहीये, सुतळीने मोजून पट्टीवर धरली. ५२ भरलं. शनिवारी जातो दोघी रत्नागिरीला.