मदत हवी आहे: आजोबांच्या पावसाच्या वह्या आणि आरमध्ये नक्षत्रवार ग्राफ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातली, बेळगावात एमएस्सी करते. आजोबांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला माप घेऊन ते वहीत मिलिमीटर लिहायचे, कोरड्या दिवशीही ठळक शून्य. आता ते नाहीत. पंधरा वर्षांच्या वह्या मी एक्सेलमध्ये उतरवून आर या आकडेवारीच्या संगणकभाषेत घेतल्या आहेत.

जीजीप्लॉट या आरच्या ग्राफ काढायच्या पॅकेजमध्ये महिनावार पट्ट्या काढल्या, तर आधी ऑक्टोबर येतो, मग ऑगस्ट, जुलै, जून आणि शेवटी सप्टेंबर. पहिल्या चार वह्या मराठी कीबोर्डवर टाइप केल्या होत्या. त्यांतला पावसाचा रकाना आकड्यांत बदलला की नुसते एनए, म्हणजे 'माहिती नाही', येतात. ग्राफ पीएनजीत साठवला की जोडाक्षरं फुटतात.

खरं तर मला महिने नकोतच. आमच्याकडे पाऊस नक्षत्रानं मोजतात. तरणा (पुनर्वसू) किती पडला, म्हातारा (पुष्य) किती पडला, हेच आजोबा सांगायचे. तसा ग्राफ कसा काढू?

आणि मनाला लागून राहिलेली गोष्ट. एका वर्षी ते दवाखान्यात होते. २४ ते ३१ जुलै रकाना कोरा आहे. कोऱ्या जागा वगळून बेरीज केली, तर तो जुलै दुष्काळी दिसतो. तिथं शून्य टाकायला हात धजत नाही.

प्रतिसाद, निपाणीहून:
ताई, महिने अक्षरांच्या क्रमानं लागलेत. आरला तो नुसता मजकूर वाटतोय. त्या रकान्याचा फॅक्टर, म्हणजे ठरलेल्या गटांचा रकाना, करा आणि लेव्हल्समध्ये, म्हणजे गटांच्या यादीत, जूनपासून क्रम स्वतः लिहून द्या. मराठी अंक आरला आकडे म्हणून कळत नाहीत. आधी चारटीआर या फंक्शननं ०-९ च्या जागी इंग्रजी अंक आणा, मगच न्यूमेरिक करा. जोडाक्षरांसाठी आरचं रॅग पॅकेज घ्या आणि ग्राफ साठवताना चित्र बनवायला त्याचं एजीजी-पीएनजी डिव्हाइस द्या. अक्षरं नीट जुळतात, फक्त देवनागरी फॉन्टचं नाव थीममध्ये लिहायला विसरू नका.

नक्षत्राला महिन्याचा काहीच उपयोग नाही, तारीखच लागते. मृग ७ किंवा ८ जूनला निघतो, पुढं साधारण तेरा-चौदा दिवसांनी एकेक नक्षत्र. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून अंदाजानं लिहू नका. जुनी पंचांगं काढा आणि प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीच्या तारखांचं वेगळं टेबल करा, स्वाती संपते ती तारीखही धरून. मग फाइंडइंटरव्हल हे फंक्शन वापरलं की प्रत्येक दिवस आपापल्या नक्षत्रात जाऊन बसतो. पुढं ग्रुप-बायनं नक्षत्रवार गट करा आणि बेरीज घ्या. नक्षत्रांनाही लेव्हल्स द्याव्या लागतील, नाहीतर आर्द्रा मृगाच्या आधी येईल.

प्रतिसाद, अथणीहून:
शून्य अजिबात टाकू नका ओ. आजोबा कोरड्या दिवशी शून्य लिहायचे म्हणता, मग कोरी जागा म्हणजे माप घेतलं नाही, एवढंच. पाऊस पडलाच नाही, असं नव्हे. पर्जन्यमापकाच्या बाटलीत पाणी साठत राहतं. भरून वाहिलं नसेल, तर नंतरच्या पहिल्या मापात त्या सगळ्या दिवसांचा पाऊस असणार. १ ऑगस्टचा आकडा बघा. तो फार मोठा असेल तर एका दिवसाचा समजू नका. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर पावसाळी दिवस धरतं. तसे दिवस तुम्हाला तेवढ्या काळापुरते मोजता येणार नाहीत, पण बेरीज हाताला लागेल. आमच्या कोरड्या भागात अशी वही असती, तर आम्ही जिवापाड जपली असती.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. क्रम लागला, एनए गेले, अक्षरंही जुळली. काल घरी जाऊन ती वही उघडली. १ ऑगस्टचा आकडा खरंच मोठा आहे आणि त्याच्या शेजारी आजोबांनी पेन्सिलीनं बारीक '९ दि.' लिहिलंय. उतरवताना मी नुसते आकडे घेतले होते, शेरे सोडले होते. महिनावार धरलं असतं, तर तो सगळा पाऊस ऑगस्टात गेला असता. पण त्या वर्षी म्हाताऱ्यानंतरची आश्लेषा निघायला अजून अवकाश होता. नऊच्या नऊ दिवस म्हाताऱ्यातच येतात, त्यामुळे ती पट्टी पूर्ण उभी राहिली. आता पंधराही वह्यांतले शेरे नव्या रकान्यात उतरवायला घेतलेत.