शब्दचर्चा: ‘हॉक वॉच’ आणि ‘केटल’ला मराठीत काय म्हणावं?

माहीमकर: आमच्या पक्षिमित्र मंडळासाठी एक टिपण लिहायला घेतलंय. विषय आहे, पावसाळा सरल्यावर डोंगरधारेवर बसून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजण्याचा. या कामासाठी नावाजलेली जागा म्हणजे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं हॉक माउंटन. एके काळी तिथे बंदूकवाले बसून गरुड-ससाणे पाडायचे. १९३४ साली पक्षीरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, राखणदार नेमला आणि मोजणी सुरू झाली. महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर ती आजही चालू आहे. मी अडलोय तीन शब्दांवर. एक, हॉक वॉच, म्हणजे असं बसून शिकारी पक्ष्यांवर नजर ठेवणं. दोन, केटल, म्हणजे गरम हवेच्या आधाराने गोल गोल फिरत वर चढणारा शिकारी पक्ष्यांचा समुदाय. तीन, ही मोजणी ‘गणना’ म्हणायची की आणखी काही? कोशातले जड शब्द नकोत, डोंगरावर उभं राहून शेजारच्याला सांगता येतील असे हवेत.

भांडुपची: काका, आधी ‘हॉक’चं बघा. तिथे ‘ससाणा’ लिहू नका. ससाणा म्हणजे फाल्कन, जसा बहिरी ससाणा. हॉक माउंटनवर सगळ्यात जास्त दिसतो तो रुंद पंखांचा, आपल्याकडच्या ‘तिसा’ या शिकारी पक्ष्याशी नातं सांगणारा पक्षी. शिवाय गरुड, भोवत्या, मासे पकडणारा कैकर हे सगळेच मोजतात. त्यामुळे ‘शिकारी पक्षी’ हेच बरोबर.

मुलुंडकर: हॉक वॉचसाठी माझं मत ‘टेहळणी’ला. ‘निरीक्षण’ कुठेही होतं, पाणथळीवर, बागेत, खिडकीतून. टेहळणीला उंच जागा लागते, दूरवर नजर लागते आणि काहीतरी येणार आहे ही खात्री लागते. गडावरच्या टेहळणी बुरुजामुळे हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आणि त्या जागेला ‘नाका’ म्हणा. आम्ही चेकनाक्याजवळ वाढलो, त्यामुळे कदाचित चटकन सुचलं असेल, पण विचार करा. नाका कुठे बसवतात? जिथून वाहतूक जाण्यावाचून गत्यंतर नाही तिथे. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला आखात, आणि मधल्या पट्टीतून एका मोसमात ४० लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. समुद्रावर गरम हवेचे असे झोत मिळत नाहीत म्हणून रुंद पंखांचे पक्षी पाणी टाळतात आणि जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीत गोळा होतात. हा नाकाच झाला.

माहीमकर: नाक्यावर अडवतात, इथे कोणी अडवत नाही. ही एक शंका.

मुलुंडकर: अडवणं हे जकातीमुळे आलं. गल्लीच्या तोंडाशी असतो तोही नाकाच, आणि तिथे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बघण्यापलीकडे कोणी काही करत नाही.

माहीमकर: पटलं. ‘टेहळणी नाका’ लिहितो.

कान्हेरीकर: आता केटल. इथे ‘थवा’ चालणार नाही, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. थवा म्हटलं की पोपट, साळुंक्या, भोरड्या डोळ्यांपुढे येतात. सगळे एका दिशेने, एका वेगाने, एकमेकांना धरून. केटलमध्ये तसं काही नसतं. दुपारी देवनारच्या कचराभूमीवर किंवा आमच्या राष्ट्रीय उद्यानावर जमलेल्या घारी नीट बघा. तळाच्या घारी अजून पंख मारत झोत शोधत असतात. मधल्या पंख ताणून, शेपूट किंचित वळवत फिरत असतात, कोणी डावीकडून तर कोणी उजवीकडून. सगळ्यात वरची ठिपक्याएवढी होते, पंख अर्धवट मिटते आणि सरळ सूर मारून निघून जाते. एकाच समुदायात तीन वेगळी कामं चाललेली असतात.

म्हणून मी तीन शब्द वापरतो. समुदायाला ‘घोळका’. त्यात शिस्त नाही, पण एका जागी घोटाळणं आहे. क्रियेला ‘घिरट्या’, ते तर घारीचंच आहे. आणि वरून सुटून एकामागून एक निघतात त्याला ‘माळ’, बगळ्यांची म्हणतो तशी. मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे. घोळका फिरत असताना मोजायला गेलात तर तोच पक्षी दोनदा धरला जातो. जाणकार थांबतात, माळ लागली की एकेक पक्षी मोजतात. तेव्हा ‘घोळका फुटला, माळ लागली’ एवढं कोणी म्हणालं की बाकीच्यांनी दुर्बिणी उचलायच्या.

भांडुपची: ‘रिंगण’ कसं वाटतं? वारीतलं.

कान्हेरीकर: ताई, शब्द गोड आहे, मोह मलाही झाला होता. पण रिंगणात सगळं एका पातळीवर चालतं. इथे तर खालपासून वरपर्यंत मजले आहेत. ‘भोवरा’ही सुचवला जाईल, पण पाण्यातला भोवरा खाली ओढतो आणि हा वर नेतो.

मुलुंडकर: घोळका मान्य. एक व्यावहारिक सूचना: निळ्या स्वच्छ आभाळात घोळका दिसतच नाही, पांढऱ्या ढगावर लगेच उठून दिसतो. टिपणात हे जरूर घाला.

डोंबिवलीची: तिसऱ्या शब्दाबद्दल. ‘गणना’ नको. जनगणना, व्याघ्रगणना यांमुळे गणना म्हटलं की ‘एकूण किती आहेत’ असा अर्थ डोक्यात बसलाय. टेहळणी नाक्यावर एकूण किती हे कळत नाही. आपल्या समोरून किती गेले तेवढंच कळतं, आणि तेही त्या दिवशीच्या वाऱ्यावर अवलंबून. वारा धारेवर आदळून वर चढतो तेव्हा पक्षी धार धरून जातात. वारा पडला की ते पांगतात आणि आकडा खाली येतो, पक्षी कमी झालेले नसतानाही. म्हणून किती तास बसलो, वारा कुठला, ढग किती, हे सगळं आकड्याबरोबर लिहावं लागतं. याला आपल्याकडे ‘मोजदाद’ म्हणतात. त्यात मोजणंही आलं आणि हिशेब राखणंही.

अशा मोजदादीचं मोल किती, याचं उदाहरण तुमच्याच हॉक माउंटनचं आहे. पांढऱ्या डोक्याच्या गरुडांमध्ये १९३५ ते १९३९ या काळात पहिल्या वर्षाचे पक्षी ४० टक्के होते, १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के. एकूण गरुड किती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण पोरं होत नाहीयेत हे वहीवरून कळलं. अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ साली डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिताना हे आकडे पुढे ठेवले. आणि हो, या पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला ‘पिल्लू’ लिहू नका. तो हजारो किलोमीटर उडणारा पक्षी आहे. पिसांवरून ओळखू येतो, म्हणून ‘कोवळ्या पिसांचा’ म्हणा.

माहीमकर: ‘कोवळ्या पिसांचा’ फारच नेमकं आहे, ताई. आणखी एक: आमूर ससाणा आपल्याकडून आफ्रिकेला जाताना थोडाच वेळ टेकतो. त्याला ‘पाहुणा’ म्हणवत नाही.

भांडुपची: ‘वाटसरू’. पाहुणा हिवाळाभर राहतो, भांडुपच्या पाणथळीवरच्या दलदली भोवत्यासारखा. आमूर ससाणा वाटसरू. पुढे अख्खा अरबी समुद्र ओलांडायचा असतो त्याला.

माहीमकर: तर टेहळणी नाका, घोळका, माळ, मोजदाद, कोवळ्या पिसांचा, वाटसरू. मसुदा रविवारी इथेच टाकतो. गरम हवेच्या झोतासाठी ‘थर्मल’ मात्र तसाच ठेवतोय, कामशेतला पॅराग्लायडिंग करणारी मराठी मुलंही तोच शब्द वापरतात.