740 फुटांवरचं पाणी नेमकं कुणाचं?

मांजराकाठ:
काल रात्रभर शेजारच्या वावरात बोअरची गाडी चालू होती. 600 फुटांपर्यंत नुसता फुफाटा, आमच्या पत्र्यावर धुरळ्याचा थर बसला, मग पहाटं 740 ला दोन इंची लागलं आन फटाके वाजले. मला झोपच येईना. आज्याच्या टायमाला आमचा आड 40 फुटांवर भरलेला असायचा म्हणे. काळ्या पाषाणाच्या फटीतून एवढ्या खोल पाणी मुरायला किती पावसाळे गेले असतील, आन आपण ते उसाला सोडणार. शेतीसाठी 60 मीटरच्या खाली जायचं नाही असा 2009 चा कायदा आहे, विचारतंय कोण? मला तर नातवाच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटतंय.

हप्तेवाला:
नातवाचं नंतर बघू, आधी पोराचं लग्न जमू द्या!! सोसायटीचं कर्ज नातू फेडणार का? उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेला किमान दर, तरी आहे, सोयाबीनचा हमीभाव कागदावरच. आणि 72 च्या दुष्काळात बोअर आन हातपंप आले म्हणून गावं तगली, तेव्हा कुणी म्हणालं का की थांबा, हे पुढच्यांचं आहे?

घागर_नंबर_41:
हातपंपावर घागर भरणं वेगळं आन रात्रंदिवस मोटार चालवणं वेगळं. एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, मी रांगेत होतो. पुढची पिढी पुढची पिढी काय करताय, ती आपणच होतो की.

हप्तेवाला:
आता पुण्यात ना तू? तुमच्या बिल्डिंगला टँकर कुठल्या गावचा येतो, विचार एकदा वॉचमनला.

बांधावरून:
भांडू नका. हिवरे बाजारला ऊस नाही, शेतीला बोअर नाही, पाऊस मोजून ग्रामसभा ठरवती कुठलं पीक घ्यायचं. पण तिथं अख्खं गाव बसलं एकत्र, म्हणून जमलं.

हप्तेवाला:
तेच तर म्हणतोय भाऊ! मी एकट्यानं थांबलो की माझ्या खालचं पाणी शेजाऱ्याच्या पाइपात. माझा नातू टँकरमागं पळणार, त्याचा बागायतदार. गाव बसू दे, पहिली सही माझी. आणि धागा काढणारे साहेब, तुमचा ऊस किती?

मांजराकाठ:
दीड एकर. आन दादानं तीच गाडी आज थांबवून घेतलीय, परत बोलवायचं भाडं वाचतं म्हणून. पाणी कुठं लागंल ते सांगणारा पाणाड्या सकाळीच नारळ घेऊन आलाय, आई चहा टाकतीय. मी अजून घरात काही बोललो नाही.