‘रन आउट’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणावे?

प्रश्न: पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका वर्गात मी स्पॅनिश शिकते. ‘शी रॅन आउट ऑफ द हाउस’ याच्या भाषांतरात ‘आउट’साठी मी ‘फुएरा’ हा वेगळा शब्द योजला, तर तो खोडला गेला. असे का?

उत्तर: स्पॅनिश क्रियापद गतीची दिशा स्वतःच सांगते आणि रीत मागाहून जोडते, म्हणून ‘सालिओ कोर्रिएन्दो दे ला कासा’, म्हणजे आपले ‘ती धावत घराबाहेर पडली’. इंग्रजीऐवजी मराठीवरून गेलात, तर वाट जवळची आहे.

दुसरे उत्तर: सहमत, मात्र साखर ‘रन आउट’ झाली, तर धावण्याचा संबंधच उरत नाही. ‘से नोस आकाबो एल आसुकार’, आमची साखर संपली.

प्रश्नकर्ती: मग ‘गिव्ह अप’?

उत्तर: हार मानणे असेल तर ‘रेन्दिर्से’, सिगारेट सोडणे असेल तर ‘देहार दे फुमार’.